आमवात आणि हाताचे बळ

हाताचे खरे मोल हात चालेनासा झाला म्हणजेच कळते. ओला पंचा पिळणे, कुलपात किल्ली फिरविणे, पाण्याने भरलेला तांब्या उचलणे, सदऱ्याची गुंडी लावणे ही कामे निरोगी मनुष्य दिवसातून कितीदा तरी करतो आणि त्यांची त्याला जाणीवही नसते. आमवाताने पीडलेल्या माणसाला मात्र यांतील प्रत्येक काम कसोटीचे वाटते. सकाळी उठावे तो बोटे ताठरलेली असतात, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजलेले असतात आणि मनगटातून कळ निघते. अशा हाताला विश्रांती द्यावी की त्याच्याकडून काम करून घ्यावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे निश्चित उत्तर हाती येण्यास वैद्यकशास्त्राला सुमारे दोनशे वर्षे लागली.

१८०० साली पॅरिसमधील लांद्रे-बोव्हे नावाच्या तरुण वैद्यकाने आपल्या प्रबंधात नऊ स्त्रीरुग्णांचे वर्णन केले. त्यांचे सांधेदुखणे त्या काळी परिचित असलेल्या गाउट या विकाराहून निराळे आहे, हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे १८५९ साली इंग्लंडमधील डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी या रोगाला ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे आजही रूढ असलेले नाव दिले. मराठीत त्यालाच सामान्यतः आमवात म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच या रोगात सांध्याच्या आतील नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, आणि सूज दीर्घकाळ राहिली तर कूर्चा व हाड झिजू लागते. दुखते म्हणून रोगी हात वापरीत नाही. वापर थांबला की स्नायू क्षीण होतात. स्नायू क्षीण झाले की सांध्याचा आधार जातो आणि थोड्याशा श्रमानेही तो अधिक दुखतो. हाताचे बळ जाते ते असे दोन्ही वाटांनी, रोगाने आणि निष्क्रियतेनेही.

या दुसऱ्या वाटेला अडसर घालण्याचा प्रयत्न शास्त्राच्या आधी एका चित्रकाराने केला. फ्रान्सचा विख्यात चित्रकार ओग्यूस्त रन्वार यास वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे १८९२ च्या आसपास, या रोगाने गाठले. बोटे वाकडी होत चालली तेव्हा तो रोज सकाळी लहान चेंडू हवेत उडवून झेलण्याचा सराव करू लागला. ते जमेनासे झाल्यावर त्याने लाकडाचा लहानसा दांडका हाती घेतला. उबदार हवेसाठी तो दक्षिणेकडील कान्य या गावी राहावयास गेला आणि १९०७ साली तेथे त्याने ऑलिव्हच्या झाडांनी वेढलेली जागा विकत घेतली. पुढे चालणेही थांबले आणि चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला. त्याच्या हाताला कुंचला बांधीत असत ही कथा पुष्कळांनी ऐकलेली असते. पण ती खरी नव्हे. मिटलेल्या बोटांची नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून त्याच्या हाताला कापडाच्या पट्ट्या गुंडाळीत आणि कुंचला बोटांमध्ये ठेवून देत. मोठ्या पटावर सर्वत्र हात पोचावा म्हणून कॅनव्हासच गुंडाळून सरकविता येईल, अशी योजना त्याने करून घेतली होती. १९१९ साली मृत्यू येईपर्यंत तो रंगवीत राहिला. व्यायामाने त्याचा रोग बरा झाला नाही, होणे शक्यही नव्हते. परंतु हात टाकून द्यावयाचा नाही, हा त्याचा निश्चय अखेरपर्यंत ढळला नाही.

तत्कालीन वैद्यकाचा कल मात्र विश्रांतीकडे होता. सुजलेला सांधा हलविला तर तो अधिक बिघडेल, ही भीती अगदीच निराधार नव्हती. कारण सूज आटोक्यात आणणारे प्रभावी औषध हाती नव्हते. म्हणून रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवीत आणि हातांना प्लास्टरच्या पट्ट्यांनी आधार देत. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी एका तरुण स्त्रीला प्रथमच कॉर्टिसोन टोचले, आणि रोगाने जखडलेली ती स्त्री थोड्याच दिवसांत हिंडूफिरू लागली. या शोधाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास त्या औषधाचे दुष्परिणाम गंभीर असतात, हेही लवकरच उघड झाले. १९८० नंतरच्या दशकात मेथोट्रेक्सेट आणि १९९० नंतरच्या दशकात जैविक औषधे प्रचारात आली, तेव्हा कोठे रोगाला दीर्घकाळ काबूत ठेवणे पुष्कळांच्या बाबतीत शक्य झाले.

सूज आटोक्यात येऊ लागली तसा जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. नेदरलँड्समध्ये ३०९ रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जोमदार व्यायाम करणाऱ्यांची कार्यक्षमता वाढल्याचे त्यात दिसले. हातापायांच्या लहान सांध्यांची झीजही त्यामुळे वाढली नाही. मात्र ज्यांचे मोठे सांधे आधीच फार झिजले होते, त्यांनी जपून राहावे असे संशोधकांचे म्हणणे पडले. त्यानंतर इंग्लंडमध्ये खास हातासाठी ‘सारा’ या नावाने ओळखला जाणारा प्रयोग झाला. त्यात ४९० रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, उरलेल्यांना त्यांच्या जोडीला व्यायामही देण्यात आला. वर्षअखेर हाताच्या कार्यक्षमतेच्या १०० गुणांच्या मापावर पहिल्या गटाची सुधारणा सुमारे ३.६ गुण, तर दुसऱ्याची सुमारे ७.९ गुण झाली. दुखणे विशेष कमी झाले नाही, पण ते वाढलेही नाही. दीडशे वर्षांच्या भीतीला हे उत्तर होते.

त्या प्रयोगातील व्यायाम अगदी साधे होते. सात व्यायाम सांधे मोकळे करण्याचे आणि चार बळ वाढविण्याचे. मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा मुठीत दाबणे, अंगठा व बोटे यांच्या चिमटीत तो धरणे, बोटे एकमेकांजवळ दाबून आणणे, आणि रबरी पट्टीचा ताण सोशीत वर उचललेले मनगट सावकाश खाली नेणे, हे ते चार. यांतील शेवटच्याचे मर्म मुठीच्या रचनेत आहे. मनगट किंचित वर उचललेले असेल तर मूठ घट्ट वळते. ते खाली झुकले की बोटांची पकड सैल पडते. म्हणून मनगट दुबळे राहिले तर केवळ बोटांना बळ देऊन भागत नाही.

याचा अर्थ विश्रांतीचा पक्ष सर्वस्वी चूक होता असा नव्हे. सांधा लाल, उष्ण आणि सुजलेला असताना त्याला विसावाच हवा. इंग्लंडमधील २०१८ च्या मार्गदर्शक नियमांतही, औषधे चालू असतील तर ती निदान तीन महिने स्थिर असल्यावरच अशा व्यायामाचा विचार करावा, असे सांगितले आहे. प्रत्येकाच्या हाताची अवस्था भिन्न असते. म्हणून व्यायामाची निवड आणि मात्रा जाणकाराने ठरवावी, आणि व्यायामाच्या भरवशावर औषध मात्र सोडू नये.

‘सारा’ प्रयोगातील रुग्णांची पुन्हा पाहणी झाली तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती, आणि दोन्ही गटांमधील अंतर बरेचसे ओसरले होते. कमावलेले बळ ठेव म्हणून पडून राहात नाही, ते रोज नव्याने मिळवावे लागते, असाच याचा बोध घेता येईल. रन्वार रोज सकाळी चेंडू उडवीत होता तेव्हा त्याच्यापुढे कोणतेही आकडे नव्हते. आजच्या रोग्याजवळ औषधही आहे आणि आकड्यांचा आधारही आहे. रोजचा नेम मात्र त्यालाही स्वतःच पाळावा लागतो.