दोन शब्दांचा इतिहास

वाण्याच्या दुकानांत साखर घेतांना किंवा तिकिटाच्या रांगेंत उभें असतां शेजारच्या अनोळखी माणसाशीं काय बोलावें, या विचारानें कित्येक सुशिक्षित मंडळी घामाघूम होतात. बोलून घरीं परतल्यावरही ‘आपण असें कां बोललों?’ ही टोंचणी राहते. अशांना भित्रे ठरवून पूर्वींच्या लोकांच्या मोकळेपणाचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे. हा दाखला कितपत खरा, हें शिरूर आणि दौंड या शेजारच्या दोन तालुक्यांच्या इतिहासांत पाहण्यासारखें आहे.

पूर्वीं बोलणें सोपें होतें, कारण शब्द आधींच ठरलेले होते. कुणब्यानें रामराम करावा, महारानें जोहार घालावा, ब्राह्मणाला नमस्कार घडावा. मग ‘कोण गांवचे?’ आणि ‘कोणापैकीं?’ हे दोन प्रश्न झाले कीं समोरच्याची जात, सोयरीक आणि पत कळे व किती अंतरावर उभें राहावयाचें तें ठरे. विचाराचें काम रूढीनें उरकून टाकलेलें असे.

बाजारांतल्या या बोलण्यामागें केवढा व्यवहार उभा होता, हें तें बंद पडलें तेव्हां दिसलें. शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं १८७४ च्या अखेरीस एका सावकारानें देशमुख घराण्यांतील ऋणकोवर हुकूमनामा मिळवून त्याच्या घरावर हात घातला. तेव्हां गांवानें सावकारांशीं संबंध तोडले. त्यांच्या दुकानीं कोणी जाईना, त्यांचीं शेतें कोणी करीना, न्हावी त्यांची हजामत करीना. कालपर्यंत ‘काय पाटील, पाऊसपाणी कसें?’ असें ज्या ओट्यावर विचारलें जाई, तेथें गिऱ्हाइकाचें पाऊल उमटेना. पुढें १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला आणि कर्जरोख्यांची होळी झाली. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें व १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. ओट्यावरचीं गोड कुशलप्रश्नें आणि चोपडींतले आंकडे इतकीं वर्षें एकाच हाताचीं होतीं, हें त्या होळीनें उघड केलें.

शिरूरला आजही रेल्वे नाहीं. घोडनदीच्या या पेठेचा व्यवहार पुणें-नगर रस्त्यानें चालतो. दौंडची गोष्ट निराळी. १८५८ सालीं पुण्याहून पूर्वेकडे लोहमार्ग गेला, १८७८ सालीं मनमाडचा फांटा त्यास मिळाला आणि भीमेकांठचें हें गांव जंक्शन झालें. नाना मुलखांचे प्रवासी एका फलाटावर खोळंबूं लागले. आडनांव ठाऊक नाहीं, पोषाखावरून जात कळत नाहीं, अशा माणसाला काय म्हणावें, हा प्रश्न रेल्वेनें प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर उत्पन्न केला.

त्या प्रश्नाची धार सातारा जिल्ह्यांतील मसूर स्टेशनानें पाहिली. १९०१ सालीं चांगला पोषाख केलेलीं कांहीं मुलें तेथें वडिलांच्या माणसाची वाट पाहत बसलीं होतीं. स्टेशनमास्तरानें कनवाळूपणानें चौकशी केली. त्यांतल्या एका मुलानें मागचापुढचा विचार न करितां आपण महार असल्याचें सांगून टाकलें. मास्तराचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलींत निघून गेला. पुढें दुप्पट भाडें कबूल केल्यावर आणि गाडी मुलांनींच हांकावी या अटीवर एक गाडीवान कसाबसा तयार झाला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. विचार न करितां बोलण्याची चैन कोणाला परवडत होती, याचें उत्तर या प्रसंगांत आहे.

आज जोहार लोपला आहे. भीमा कोरेगांवच्या त्याच शिरूर तालुक्यांत बरोबरीनें उभे राहून लोक ‘जयभीम’ म्हणतात. रूढीनें ठरवून दिलेलें वाक्य गेलें आणि माणसाला स्वतःचें वाक्य शोधावें लागूं लागलें. त्या शोधांत जीभ थोडी अडखळली तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. समतेचें हें किरकोळ भाडें आहे. दौंडच्या फलाटावर ‘गाडीला उशीर दिसतो’ एवढें म्हटलें तरी पुरे. त्या वाक्यांत कोणाचें गांव विचारलेलें नसतें आणि कोणाला दूर सरावें लागत नाहीं.