पोट नसलेले वाद्य

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या खामगावच्या घरी एक लांबट खोके येऊन पडले. मुंबईच्या एका वादकाने वापरून झालेला, विजेवर वाजणारा उभा बेस त्यात होता. खऱ्या लाकडी डबल बेसची किंमत ऐकून आमच्यासारख्याने दुरूनच हात जोडावेत. त्या मानाने हा बराच स्वस्तात मिळाला. ओसरीवर मी तो जोडून उभा केला. माणसाएवढी उंची, लांबलचक काळी पट्टी, चार जाड तारा आणि खाली तिपाई. संपले! आईने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "याले तं पोटच नाही बाप्पा! मंग आवाज कुठून निंघन?"

आईचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. खर्जाच्या वाद्यांचा सारा इतिहास हा एका अर्थाने पोटाचाच इतिहास आहे. स्वर जितका खालचा, तितकी हवा जास्त हलवावी लागते. म्हणून तार लांब आणि पोट मोठे. आपल्याकडे पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापतात, तीही खर्जासाठीच. माझे वडील भजनात पखवाज वाजवीत, आणि कणीक मळून देणारी आईच. त्यामुळे या विषयातला तिचा अधिकार मोठा!

व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत थोरले भावंड म्हणजे डबल बेस. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत आले, आणि ही पाश्चात्त्य वाद्ये त्यांच्या हातून आपल्या कानांवर पडली. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवादकाची साथ घेतली आणि सारा देश नाचू लागला. त्या काळी अशा वाद्यवृंदाच्या तळाशी उभा डबल बेसच असे.

योगायोग पाहा. त्याच १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. अमेरिकेतल्या नाचघरांत पितळी वाद्यांच्या गर्जनेपुढे डबल बेसचे एवढे मोठे पोटही अपुरे पडे. पोट काढून टाकून विजेवर चालणारे उभे बेस तिथे १९३६ च्या आसपासच निघाले होते. रिकनबॅकर कंपनीने तसा एक केला होता. फेंडरने मात्र वाद्य आडवे करून गळ्यात अडकवले आणि पट्टीवर सतारीसारखे पडदे बसवले. बोट पडद्यामागे पडले की स्वर नेमका निघणारच. नावातला 'नेमकेपणा' तो हाच. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी ही गिटार वाजवली, आणि तिची आवड आमच्यासारख्या आडगावच्या पोरांपर्यंत येऊन पोचली.

त्या पडद्यांच्या भरवशावर मी बावीस वर्षे गणपती, नवरात्र आणि लग्नाच्या मांडवांत वाजवीत आलो. नव्या वाद्याच्या तारा त्याच, त्याच क्रमाने, प्रत्येक पुढची तार मागचीच्या मध्यमात. मला वाटले, हा तर हातचा मळ! पण गिटारची तार चौतीस इंचांची, ही बेचाळीसच्या आसपास. गिटारवर चार बोटांत चार पडदे मावतात. इथे खालच्या जागी तर्जनीपासून करंगळीपर्यंत हात ताणूनही जेमतेम एक पूर्ण स्वर हाती लागतो. त्यात वाद्य स्वस्तातले. तारा इतक्या उंच की संध्याकाळपर्यंत बोटांना फोड आले. मग कानस घेऊन घोडी थोडी उतरवली. घोडीखाली बसवलेला स्फटिकाचा तुकडा दाबाची वीज करतो, पण त्याचा आवाज आधी पत्र्यासारखा येई. मध्ये एक छोटी डबी जोडली तेव्हा तो माणसात आला.

हे सगळे पैशाने आणि कानशीने सुटले. न सुटणारी गोष्ट निराळीच होती. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येई, "उतरलं." थोड्या वेळाने पुन्हा, "उतरलं." आणि खरेच उतरलेले असे! मी मनातून खजील झालो. बावीस वर्षांत माझ्या कानाला कोणी काही विचारलेच नव्हते. सारी उत्तरे पडदे देत होते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये सैल केली, तो वाद पूर्वी मला पंडितांचा हट्ट वाटे. बांधलेल्या स्वराने काय मिळते आणि काय जाते, ते आता ओसरीवर उभा राहून कळत होते.

म्हणून फेंडरला मी नावे ठेवणार नाही. पडदे नसते तर खामगावच्या पोराने बेस हाती धरलाच नसता. मांडवात आजही मी गिटारच घेऊन जातो. पण रोज पहाटे तंबोरा लावून या उभ्या सांगाड्याशी तासभर झुंजतो.

आषाढी एकादशीला घरी भजन झाले. आईच्या अभंगाला मी नुसता षड्ज आणि पंचम धरला, दुसरे काही नाही. मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "आज उतरलं नाही." तेवढेच.

मग तिने आपले एक जुने लुगडे आणून वाद्यावर घातले. "पोट नाही तं नाही," ती म्हणाली, "पांघरून तं असू दे त्याले."