युद्धाची व्याख्या

युद्ध या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. एखाद्या घटनेला युद्ध म्हणावे की गुन्हा, यावर कैद्यांचा दर्जा, लागू होणारा कायदा आणि नागरी वास्तूंचे संरक्षण अवलंबून असल्याने या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा

१९०७ च्या हेग करारानुसार युद्धघोषणा अथवा निर्वाणीचा खलिता दिल्याखेरीज शत्रुत्वास आरंभ करता येत नसे. पुढे अघोषित लढाया वाढल्या. त्यामुळे १९४९ च्या जिनिव्हा करारांनी 'सशस्त्र संघर्ष' ही व्यापक संज्ञा स्वीकारली. एका पक्षाने युद्धस्थिती मान्य केली नाही, तरी हे करार लागू होतात.

भारतीय कायदा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ मध्ये युद्ध, परकीय आक्रमण आणि सशस्त्र उठाव ही आणीबाणीची स्वतंत्र कारणे आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम १२१ नुसार सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे हा गुन्हा होता. आता ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४७ मध्ये आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी अजमल कसाब याला याच कलमाखाली दोषी ठरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम केली. कलम १२१ मधील युद्ध म्हणजे केवळ दोन राष्ट्रांमधील युद्ध नव्हे, असा अर्थ न्यायालयाने ग्राह्य धरला. त्यामुळे 'युद्ध' पुकारूनही कसाब युद्धकैदी नव्हे, तर फौजदारी आरोपी ठरला.

वीजयंत्रणा आणि सायबर हल्ले

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. चीनने आपल्यावरील आरोप फेटाळले. हल्ला झाला की नाही हेच वादग्रस्त असल्यास तो युद्धकृत्य होता का, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

१९७७ च्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यातील अनुच्छेद ५६ धरणे, बंधारे व अणुवीज केंद्रांना विशेष संरक्षण देतो. नाशिकजवळील एकलहरे येथील महानिर्मितीच्या केंद्रासारखी औष्णिक केंद्रे त्या यादीत नाहीत. नागरी वास्तूंना मिळणारे सर्वसाधारण संरक्षण त्यांना असते; मात्र लष्करी कारवाईस प्रत्यक्ष हातभार लागत असल्यास तेही संपुष्टात येऊ शकते. भारत या मसुद्याचा पक्षकार नाही.