गरमी, फिरंग आणि चोपचिनी

मी शाळेत असतानाची गोष्ट. नगरच्या एका अत्ताराच्या दुकानात एक गृहस्थ आले. इकडेतिकडे पाहत हलक्या आवाजात म्हणाले, "चोपचिनी द्या. गावाकडच्या एकासाठी हवीय." ते गेल्यावर अत्तारचाचा हसले. "इतकी वर्षं विकतोय, पण स्वतःसाठी चोपचिनी नेणारा मर्द अजून पाहिला नाही!" दुकानातलं कुणीतरी पुटपुटलं, "गरमी." त्या वयात मला वाटलं, उन्हाळ्याबद्दल चाललंय.

गरमी म्हणजे उपदंश, सिफिलिस. पुरुषाच्या इंद्रियावर एक फोड येते, तिचा व्रण होतो, आणि तो बहुधा दुखत नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटी हा रोग युरोपात पसरला आणि लवकरच जहाजांतून आपल्याकडे आला. इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच नेपल्सचा. तुर्कांनी 'फ्रेंगी' म्हटलं. आपल्या भावमिश्रांनी सोळाव्या शतकात 'भावप्रकाशा'त नाव दिलं, 'फिरंग'. दुखणं आपल्या अंगावर आणि नाव मात्र परक्याचं! शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला याची फार गंमत वाटते.

चोपचिनीची गोष्ट आमच्या नगरच्या दरबाराजवळून जाते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात उतरला. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशाहावर तो उपचार करी. दोघांचा स्नेह होता. शाहानं त्याला औषधांची अरबी नावं सांगावीत आणि त्यानं शाहाला लॅटिन, अशी देवाणघेवाण चाले. (शाहाला हा रोग होता, असं मला मुळीच सुचवायचं नाही!) ओर्ताचा संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात चीनहून येणाऱ्या या मुळीवर एक अख्खं प्रकरण आहे. ज्या देशांत रोग आहे तिथंच देवानं औषधही दिलं, असं त्याला वाटे.

ओर्ता हुशार होता, पण हा रोग त्याहून लबाड. इंद्रियावरचा व्रण तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. तेवढ्या दिवसांत चोपचिनी घ्या, पारा घ्या नाहीतर नुसतं पाणी प्या, श्रेय त्यालाच मिळतं. रोग मात्र रक्तात राहतो. पुढं मेंदू, हृदय, कधी पोटातलं मूलही गाठतो. त्याचा जंतू सापडला १९०५ साली, आणि पेनिसिलिनचा गुण दिसला १९४३ मध्ये. आज सुरुवातीलाच गेलं तर बहुधा एका इंजेक्शनवर काम भागतं. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये ते फुकट मिळतं. तरी माणसं जात नाहीत. व्रण दुखत नाही आणि सांगायची लाज वाटते.

माझ्या नात्यात एक चाचा होते. तरुणपणी एका हकिमानं आपल्याला 'खडखडीत बरं' केलं, हे ते मित्रांना अभिमानानं सांगत. चाचींना तीन मुलं झाली, तिन्ही मेलेली. घरानं दोष चाचींना दिला. ताईत झाले, नवस झाले, दुसऱ्या लग्नाच्या गोष्टीही झाल्या. चाचा गेल्यावर त्यांच्या पेटीत रक्ततपासणीचा एक जुना, पिवळा पडलेला कागद सापडला. तो मी वाचला, माझ्या थोरल्या भावानं वाचला, आणि आम्ही घडी घालून परत ठेवला. चाची नंतर अकरा वर्षं जगल्या. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही. मीही नाही.