पेटीतलं रजिस्टर

घाटंजी तालुक्यात माझी एक मावशी ३२ वर्षं अंगणवाडी सेविका होती. दुपारी पोरं घरी गेली की रजिस्टरं लोखंडी पेटीत टाकायची, कुलूप लावायची आणि किल्ली कमरेला खोचून निघायची. रजिस्टर घरी आलेलं मला आठवत नाही. माणसं मात्र यायची. कुणाचं पोर तापलंय, कुणाला कळा लागल्यात... पण ते काम वाटायचं नाही, गावकी वाटायची.

एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून सेविका 'मानसेवी'. पगार नाही, मानधन! शब्द छान आहे, पण मेख त्यातच आहे. कर्मचारीच नाही, तर तिचे जादा तास मोजणार कोण? नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तिथे भोंगा वाजला की सुटका. मावशीला भोंगा नव्हता, पण पेटीचं कुलूप होतं.

२०१८ ला पोषण अभियान आलं आणि पाठोपाठ सेविकांच्या हाती सरकारी स्मार्टफोन. मावशीला कोण आनंद! पण कापूस वेचायला गेलेल्या बाया दिवेलागणीला परततात, म्हणून माहिती रात्री भरायची. रेंज नसली की पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभं राहायचं. त्यात रात्री दहाला ग्रुपवर मेसेज, 'तात्काळ भरा'.

२०२१ मध्ये जुनं अ‍ॅप जाऊन पोषण ट्रॅकर आलं, तेही इंग्रजीत. कमी मेमरीचे फोन अडकायला लागले. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते सरळ प्रकल्प कार्यालयांत परत केले. मावशीनेही केला.

"मोबाईल गेला, काम कुठं गेलं बाप्पा!" ती म्हणाली. कारण मग ते अ‍ॅप तिच्या स्वतःच्या फोनमध्ये आलं. नातवाचे फोटो आणि गावातल्या पोरांची वजनं एकाच डबीत.

कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळेंनी २०१८ लाच लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी तो कर्मचाऱ्यांसाठी. मानसेवी बाई त्यात कशी बसणार, मला कळत नाही.

असो. मावशी २०२४ मध्ये निवृत्त झाली. ग्रुपमधून तिला अजून कुणी काढलेलं नाही. रात्री फोन वाजला की ती आधी चष्मा शोधते.