वस्तऱ्याची धार आणि शिकलगार : एका दुर्लक्षित कसबाचा मागोवा

मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासात तलवारीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचे पाते, मूठ, तिच्यावरील कोरीव अक्षरे या सर्वांचा अभ्यास झाला. मात्र ज्या हातांनी तलवारीला धार दिली त्याच हातांनी गावच्या न्हाव्याचा वस्तराही घासला, याची नोंद क्वचितच घेतली जाते. लढाई वर्षाकाठी एखादी होत असेल, पण हजामत दर आठवड्याची असे. सर्वसामान्य माणसाच्या आयुष्याशी ज्या पोलादाचा सर्वांत निकटचा संबंध आला ते तलवारीचे नसून वस्तऱ्याचे होते.

या कसबाचा इतिहास प्रथम शब्दांतच सापडतो. मराठी ‘वस्तरा’ हा फारसी ‘उस्तरा’चा अवतार आहे. ‘हजाम’ हा अरबी ‘हज्जाम’. त्याचा मूळ अर्थ तुंबड्या लावून रक्त काढणारा असा आहे. केस कापणारा आणि शस्त्रवैद्य ही दोन माणसे पूर्वी एकच होती, याची ती खूण होय. ‘शिकलगार’ हा शब्द अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई आणि फारसी ‘गर’ म्हणजे करणारा यांच्या संयोगातून आला. काचेचे आरसे सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी आरसे धातूचे असत व ते वेळोवेळी घासावे लागत. त्यामुळे उर्दू आणि फारसी काव्यात आरसा व सैकल ही जोडी वारंवार येते. याच्या उलट ‘सहाण’ हा शब्द संस्कृत ‘शाण’पासून आला असून त्याचेच रूप हिंदी-उर्दूत ‘सान’ असे आहे. हत्याराचे नाव फारसी, दगडाचे संस्कृत आणि कारागिराचे अरबी-फारसी! या तीन शब्दांइतका बोलका पुरावा एखाद्या बखरीतही मिळणे कठीण.

आता दगडाविषयी. वस्तऱ्याला वाटेल तो दगड चालत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे तो लाव्हारसापासून तयार झालेला असून पोलाद कापणारे गारेचे कण त्यात जवळजवळ नसतात. शिवाय त्यात ठिकठिकाणी पोकळ्या असतात. विळा-कोयता त्यावर घासता येईल, पण वस्तऱ्याची कड अशा पोकळीत अडकली तर तिचा दाता पडतो. पठाराच्या उत्तर कडेला, भोपाळच्या परिसरात, हा काळा पाषाण आणि विंध्य पर्वताचा वालुकाश्म एकमेकांना भिडतात. शहराच्या पूर्वेस भेल कारखान्यालगत सोनागिरीसारख्या वसाहती आहेत. कारखान्याची स्थापना 1956 ची. त्या भागात मराठी ‘वस्तरा’ आणि हिंदी-उर्दू ‘उस्तरा’ शेजारी शेजारी ऐकू येतात, आणि न्हाव्याच्या दगडाला ‘सिल्ली’ किंवा ‘पथरी’ म्हणतात. वालुकाश्मात गारेचे कण विपुल असतात, म्हणून तो जाडी घासण्यास उत्तम. मात्र वस्तऱ्याच्या अखेरच्या धारेसाठी त्याहून कितीतरी बारीक व एकसारख्या कणांचा दगड लागतो. युरोपात बेल्जियममधील व्हिएलसाल्म परिसराचा पिवळसर दगड याच कारणाने प्रसिद्ध झाला. त्यातील सूक्ष्म गार्नेटचे स्फटिक अभ्रकासारख्या मऊ द्रव्यात रोवलेले असतात.

शिकलगाराचे मुख्य साधन मात्र चाक हे होते. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत मिसळून ते ओतत. एकाने पट्टा मागेपुढे ओढून चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने पाते धरायचे, अशी रीत होती. ‘कुरुंद’ हा आपला शब्द इंग्रजीनेही उचलला. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी या खनिजावरचा निबंध 1798 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याआधी 1794 च्या सुमारास मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दख्खनी पोलादाचे, म्हणजे ‘वूट्झ’चे, नमुने सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले होते. लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यांनी ते पोलाद पारखले. पुढे मायकेल फॅरेडे यांच्याबरोबर त्यांनी पोलादाच्या मिश्रणांवर जे प्रयोग केले, त्यांतून वस्तरेही तयार झाले. इंग्लंडच्या नामवंत प्रयोगशाळेने ज्या पोलादाचे गूढ उकलण्याचा यत्न केला, ते पोलाद व तो कुरुंद येथील कारागिरांच्या रोजच्या हाताखालचे होते.

चाकाने पात्याला आकार येतो, धार नाही. धारेचे काम न्हावी स्वतः निसण्यावर करी. वस्तऱ्याचे पाते पाठीला जाड व कडेला पातळ असते. ते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि कड दोन्ही एकाच वेळी टेकतात. त्यामुळे धारेचा कोन हाताने साधावा लागत नाही. तो पाठीच्या जाडीनेच ठरतो. म्हणून चाकावर पाठ वाजवीपेक्षा अधिक घासली गेली तर वस्तरा कायमचा बिघडतो. शिकलगाराच्या हाताची परीक्षा येथे होती. दगडावर पाते कड पुढे करून सरकवायचे. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे करून ओढायचे, नाहीतर पट्टाच कापला जातो. निसणा, पट्टा, नराणी, आरसा आणि वाटी एवढा संसार न्हाव्याच्या धोपटीत मावत असे.

न्हावी बलुतेदार होता व गावाशी बांधलेला होता. मुलाण्याचेही नाव बलुतेदारांत येते. शिकलगार मात्र नेहमीच्या बारांच्या यादीत नाही. तो चाक घेऊन गावोगाव फिरणारा. तरीही दोघांचा धंदा परस्परांवर अवलंबून होता. मुसलमान घरातील अकीक्याच्या वेळी बाळाचे जावळ काढताना आणि हिंदू घरातील जावळाच्या वेळी हत्यार एकच, त्यामागील दोन कारागीरही तेच. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. तलवारी घासणाऱ्याला उरली ती कात्री, सुरी आणि वस्तरा. तशातच शेफील्डचे तयार वस्तरे बाजारात आले.

वस्तऱ्याला सामाजिक इतिहासातही स्थान आहे. 1890 मध्ये सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. धार लावणे हे कसब होते. ती धार कोणावर चालवायची नाही, हे ठरविणे हा त्या कारागिरांचा नैतिक निर्णय होता, आणि त्यासाठी त्यांनी आपल्या मिळकतीवर पाणी सोडले.

जिलेटचे बदलण्याजोगे पाते 1903 मध्ये विक्रीस आले. तरी भारतीय न्हाव्याचा निसणा पुढे बरीच दशके टिकला. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 मध्ये झाली, आणि त्यानंतरच्या आरोग्यप्रचाराने प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हा आग्रह रुजविला. तो योग्यच होता. वस्तऱ्याची मूठ राहिली, आत अर्धे ब्लेड आले आणि निसण्याचे काम संपले.

महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत शिकलगारांचा समावेश आहे. महाविद्यालयांच्या हजेरीपटावर हे आडनाव आढळते. ते धारण करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही. कसब प्रत्यक्ष केलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. दगड कोठून येई, त्याला काय म्हणत, पाणी वापरीत की तेल, लाख आणि कुरुंदाचे प्रमाण किती, एका वस्तऱ्याला मजुरी काय पडे? हे प्रश्न त्यांनाच विचारावे लागतील, आणि त्यासाठी शिकलगाराच्या घरातील विद्यार्थ्याइतका योग्य संशोधक दुसरा नाही.