दोरीचं दुसरं टोक

माझा भाचा बहारीनला नोकरी करतो. पोहायला तो इथेच, आमच्या कोकणातल्या खाडीत शिकला. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा, नाद मात्र त्याला तिकडे लागला. काही वर्षांपूर्वी सुट्टीत तो मित्रांबरोबर ओमानच्या मुसंदम किनाऱ्यावर गेला होता. पाण्याखालच्या प्रवाहानं त्याला आणि त्याच्या जोडीदाराला ओढून नेलं. दोघं वर आले, तेव्हा त्यांची बोट क्षितिजावर ठिपक्याएवढी दिसत होती. त्यांनी हात हलवले, हाका मारल्या. बोटीवरचे लोक भलतीकडेच शोधत होते. पाऊण तासानं एका मच्छीमाराच्या होडीनं दोघांना उचललं.

तो घरी आला तेव्हा मी विचारलं, "अरे, खूण दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं का?"

तो ओशाळला. म्हणाला, "असतं ना, मामू. बोया होता माझ्या खिशात. पण अगदी तळाशी, टॉर्चच्या खाली. काढायला गेलो तर दोरी टॉर्चला गुरफटलेली. ओढाताणीत हातातून निसटला आणि रिळासकट बुडाला."

जवळ असूनही हाताशी नसलेल्या त्या वस्तूनं मला इतिहासात डोकवायला लावलं.

बोया हा शब्द आपल्या किनाऱ्यावर नवा नाही. पोर्तुगीज भाषेशी नातं सांगणारा हा शब्द मच्छीमारांच्या रोजच्या बोलण्यातला. पाणबुड्याचा बोया म्हणजे भडक केशरी किंवा पिवळ्या रंगाची, साधारण माणसाच्या उंचीची अरुंद पिशवी. पाण्याखाली असतानाच तिच्यात हवा सोडायची. ती दोरी घेऊन वर जाते आणि लाटांवर उभी राहते. खाली माणूस आहे, एवढंच ती सांगते. पण लाटांमध्ये माणसाचं डोकं तरंगत्या नारळाएवढंच दिसतं. तिथे हे सांगणं फार मोलाचं असतं.

शेकडो वर्षं पाणबुड्याला अशा पिशवीची गरज नव्हती, कारण त्याच्याजवळ दोरी होती. भाचा ज्या आखातात राहतो, तिथलेच मोती पूर्वी मुंबईच्या बाजारात येत. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता यानं तिथल्या मोती काढणाऱ्यांचं वर्णन केलं आहे. पाणबुड्या कमरेला दोरी बांधून बुडी मारतो, दम संपत आला की दोरीला हिसका देतो आणि वरचा माणूस त्याला ओढून घेतो. ही रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली. उन्हाळ्यातले चार महिने गलबतं समुद्रावर असत. गलबताचा प्रमुख तो नाखुदा. आपल्या कोळीगीतांतला नाखवा त्याच फारसी शब्दातून आला. प्रत्येक पाणबुड्याचा दोरी धरणारा ठरलेला असे. त्याला म्हणत सैब. पाणबुड्याचा जीव सैबाच्या मुठीत. त्यानं डुलकी घेतली, तर खालचा माणूस संपला.

जपानमधल्या 'आमा' स्त्रिया शिंपले आणि शेवाळ काढायला बुड्या मारतात. त्यांतल्या काहींची दोरी नावेतला पुरुष, बहुधा नवराच, धरून बसे. ज्या किनाऱ्यालगत एकट्या पोहत जात, त्या आपल्याबरोबर लाकडी टब तरंगत ठेवत. मिळालेला माल त्यात टाकायचा, त्याला धरून दम घ्यायचा आणि टब जिथे दिसतो तिथे बाई आहे, हे इतरांनी समजायचं. आजच्या बोयाची ती आजीच म्हणायची.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑगस्टस सीब यानं शिरस्त्राणाचा बंदिस्त पोशाख तयार केला. 1782 साली बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेच्या अवशेषांवर 1839 पासून हे पाणबुडे उतरले. त्यांनाही वरून हवेची नळी होती आणि दोरी होती. दोरीच्या हिसक्यांची ठरलेली भाषा होती.

ही दोरी तुटली ती 1943 साली. फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमील गान्यां यांनी 'अ‍ॅक्वालंग' तयार केलं. हवा पाठीवर आली आणि माणूस माशासारखा मोकळा फिरू लागला. पण वर सैब उरला नाही. खालचा माणूस नेमका कुठे आहे, हे बोटीवर कुणालाच कळेना. मग अमेरिकेत 1956 साली लाल कापडावर पांढरा तिरपा पट्टा असलेला झेंडा आला, इतर बोटींनी दूर राहावं म्हणून. तरंगती खूण दोरीनं बरोबर ओढत नेण्याची पद्धत पडली. पण ती दोरी बुडालेल्या जहाजांत अडकायची. म्हणून खूण गुंडाळून सोबत न्यायची आणि वर येताना सोडायची, ही युक्ती निघाली.

आणि प्रश्न आला, ती ठेवायची कुठे?

भाच्यानं आमच्या पडवीत मला प्रात्यक्षिकच दाखवलं. पिशवी बंद टोकाकडून उघड्या तोंडाकडे घट्ट गुंडाळायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. वरून रबरी फास घालायचा. रीळ तिला जोडूनच ठेवायचं, पण दोरीचा एकही वेढा सुटा नको. काहीजण ती जाकिटाच्या कडीला लटकवतात. ती लोंबते आणि प्रवाळात अडकते. काहीजण कमरेच्या मागच्या बाजूला खोचतात. तिथे अडगळ होत नाही, पण हाताला सराव लागतो. बहुतेकांना मांडीवरचा खिसा बरा वाटतो. मात्र त्यात दुसरं काही तिच्यावर ठेवायचं नाही. "आणि रीळ कधी अंगाला अडकवायचं नाही, मामू," तो म्हणाला. वीस मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागी येईतो तिप्पट होते. रीळ अडकलं, तर ती पिशवी माणसालाच वर खेचते, आणि भरकन वर येणं जिवावर बेतू शकतं.

पण पिशवी तरी कुणासाठी? 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकी जोडपं समुद्रातच राहिलं. बोटीवर माणसं मोजताना चूक झाली, बोट निघून गेली. दोघं मागे राहिली आहेत हे कळायला दोन दिवस लागले. ती पुन्हा कधीच सापडली नाहीत. त्यांच्यासाठी बघणारा कुणी तिथे उरलाच नव्हता.

आता मालवण-तारकर्लीलाही हौशी मंडळी पाण्याखाली उतरतात. तुमच्या घरचं कुणी उतरणार असेल, तर मासे कोणते दिसतात हे जरूर विचारा. पण त्याआधी, वर डोकी मोजायला कोण आहे, हे विचारा.

भाचा परत निघाला तेव्हा मी त्याची बॅग भरायला बसलो होतो. बोयाची केशरी गुंडाळी त्यानं माझ्या हातातून घेतली, खिशात ठेवली, डोळे मिटले आणि हातानं चाचपून बाहेर काढली. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. माझी बहीण दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. त्यानं तिसऱ्यांदा काढली, तेव्हा ती चहा टाकायला आत गेली.